चारशे सतरा नंबरचं पुस्तक

आमच्या डायलिसिस केंद्रातल्या वैशाली सिस्टर परवा म्हणाल्या, "काका, नवीन पेशंट लई भेदरून येतेत. चार तास नुसते पंख्याकडं बघत पडतेत. त्यांनी काय वाचावं याची एक यादी करून द्या की. मी भिंतीवर चिकटवते."

यादी करणं म्हणजे माझ्या डाव्या हाताचा मळ. आता त्याच डाव्या हातात सुया टोचतात, ती गोष्ट वेगळी. माजलगावकडच्या एका सहकारी साखर कारखान्याच्या कामगार वाचनालयात मी तेवीस वर्षं ग्रंथपाल होतो. दारातून आत येणाऱ्या माणसाच्या चपला बघून त्याला कुठलं पुस्तक द्यायचं ते मला कळतं, अशी माझी घमेंड होती. तर यादीला बसलो, पहिल्या ओळीत लिहिलं 'चारशे सतरा' आणि तिथंच अडलो. ते पुस्तक मी कुणाबरोबर वाचलं आणि त्यातला शेवटचा अध्याय कुठं अडकला, हे सांगितल्याशिवाय ते कुणाच्या हातात द्यायचा मला हक्क नाही. म्हणून यादीच्या आधी हे सगळं.

नंबर

पुस्तकाचं नाव सोडून मी नंबर का सांगतोय, ते आधी सांगतो. आमचे वाचक म्हणजे बॉयलरवरचे, मिलवरचे, गोदामातले कामगार. हाताला ग्रीस, नाही तर मळी. नवं कोरं पुस्तक महिन्यात चिकट होऊन फाटायचं. म्हणून आम्ही आल्या आल्या प्रत्येक पुस्तकाला जाड खाकी कागदाची बांधणी करायचो आणि पाठीवर फक्त दाखल क्रमांक टाकायचो. सगळी पुस्तकं एका गणवेशात. हळूहळू लोक नावं विसरले. "आठशे चार आलं का हो?" असं विचारायचे. लेखकाचा विषय निघाला, तर "तो बासष्टवाला लई हसवतो" असं म्हणायचे. कित्येक पुस्तकांची पहिली पानंच गळून गेली होती, त्यामुळं पुढं पुढं मलाही नंबरच आठवायचे.

चारशे सतरा ही कादंबरी. तिचा लेखक कुठल्याशा खेड्यातला शाळामास्तर होता, तीन पुस्तकं लिहून तो गप्प बसला. माझा सगळ्यात आवडता लेखक. दुष्काळात कुंभारकामाला पाणी उरत नाही, नवरा काम शोधायला जातो तो परत येत नाही, आणि जना नावाची कुंभारीण मडकी घडवायचं चाक डोक्यावर घेऊन पाणी असलेलं गाव शोधत निघते, अशी गोष्ट. हे पुस्तक मी सात-आठ वेळा वाचलं होतं. ते मला कळलं आहे, असं मी धरून चाललो होतो.

चष्मा

चार-पाच वर्षं माझं डोकं दुखत होतं. सकाळी उठलं की मानेच्या वर, मागच्या बाजूनं ठणका. मी त्याचा दोष वाचनाला दिला. वाचणाऱ्या माणसाला डोकेदुखी थोडी मानाचीच वाटते. तीनदा चष्मा बदलला. दुकानातून दुखण्याच्या गोळ्या आणून टेबलाच्या खणात शिक्क्याशेजारी ठेवल्या आणि शेंगदाण्यासारख्या खाल्ल्या. माझी बायको सुमन म्हणायची, "एकदा डॉक्टरला दाखवा." मी म्हणायचो, "अगं, पुस्तकातला टाइप बारीक आहे, दुसरं काही नाही."

कारखान्यात डोळे तपासणीचं शिबिर होतं. चौथ्यांदा नंबर काढून घ्यावा म्हणून गेलो. तिथल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी उजेड मारून डोळ्यांत बघितलं, परत बघितलं. विचारलं, "बीपी कधी मोजलंय का?" मी म्हटलं, "कधीच नाही." त्यांनी दंडाला पट्टा बांधला. मग दुसऱ्या दंडाला बांधला. मग शिपायाला सांगितलं, "यांना एक खुर्ची द्या आधी."

पुढच्या दोन दिवसांत बीडला रक्त, लघवी, सोनोग्राफी झाली. किडनीच्या डॉक्टरांनी कागद वाचले आणि गोळ्या कधीपासून खाता ते विचारलं. मी सांगितलं. ते म्हणाले, "डोकं बीपीनं दुखत होतं. बीपीनं किडनी जात होती, आणि राहिलेली तुम्ही गोळ्यांनी घालवली. दोन्ही आकसल्यात." त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, ते थकलेले होते. माझ्यासारखे त्यांनी त्या दिवशी आणखी बघितले असतील.

डॉक्टरांसमोर सुमननं सगळे कागद घडी घालून पिशवीत ठेवले. दवाखान्याच्या जिन्यात मात्र मध्येच बसली आणि माझ्या गुडघ्यावर मुठीनं मारत राहिली. "बारीक टाइप! बारीक टाइप!" एवढंच म्हणत होती. येणारीजाणारी माणसं अंग चोरून आमच्या बाजूनं जात होती. मला त्या क्षणी मरणाची भीती वाटली नाही, लाज वाटली. भीती घरी गेल्यावर वाटली.

एक बाटली

त्या साली पाऊस लागोपाठ दुसऱ्यांदा फसला. माजलगावच्या धरणाचा तळ उघडा पडला. उभा ऊस छावण्यांसाठी जनावरांच्या पुढ्यात गेला, कारखान्याचा बॉयलर पेटलाच नाही आणि वाचनालयाला कुलूप लागलं. कुलूप लावायच्या आधी मी माझ्याच कार्डावर बारा पुस्तकं एका पिशवीत भरली. एका वेळी एकच पुस्तक हा नियम माझाच होता आणि तो मी पहिल्यांदा मोडला. मग आम्ही बीडला सुमनच्या भावाच्या दोन खोल्यांत राहायला आलो, कारण आठवड्यातून दोनदा मला मशीनला जोडून रक्त धुऊन घ्यायचं होतं. तिथून केंद्र चालत दहा मिनिटांवर.

डॉक्टरांनी दिवसाला एक बाटली पाणी ठरवून दिलं. चहा, वरण, गोळीबरोबरचा घोट, सगळं त्यातच धरायचं. किडनी पाणी बाहेर टाकत नाही, मग प्यालेलं पाणी अंगात साठतं, पायांत उतरतं, छातीत चढतं. गल्लीत टँकर आठ दिवसांनी यायचा. बायका पहाटेपासून हंडे रांगेत लावायच्या, त्यात सुमनही. ती हंडे भरून आणायची आणि माझ्यापासून लपवायची.

"लोक पाणी मिळंना म्हणून रडतेत," ती एकदा म्हणाली, "आन् मी असलेलं पाणी नवऱ्यापासून चोरून ठिवती. हे कसलं जिणं म्हणायचं?"

तहानेबद्दल कुणी खरं लिहीत नाही, म्हणून लिहितो. मी माठाला गाल लावून बसायचो. चूळ भरायला घेतलेलं पाणी तोंडात धरून ठेवायचो आणि ते थुंकताना डोळ्यांत पाणी यायचं. एकदा सुमननं मला आंघोळीच्या बादलीतून ओंजळ तोंडाला लावताना धरलं. ती ओरडली नाही. तिनं ती भरलेली बादली उचलली आणि दारासमोरच्या मातीत ओतून दिली. सगळ्या घराचं दिवसाचं पाणी होतं ते. शेजारणी बघत राहिल्या. त्या दिवशी घरात कुणी आंघोळ केली नाही.

मंगळवार, शुक्रवार

केंद्रात सहा खाटा. आल्यावर वजन करायचं. वाढलेलं वजन म्हणजे चोरून प्यालेलं पाणी, ते सगळ्यांसमोर कळतं. मग सुया, मग चार तास. हात हलवायचा नाही. मध्येच पोटरीत असा गोळा येतो की मोठा बाप्या आईच्या नावानं ओरडतो. बीपी घसरलं की डोळ्यांपुढं अंधार, उलटी, थंडी. नवख्या माणसाला सांगतो, हे पुढं कमी होतं. मला पहिल्या महिन्यात कुणी ते सांगितलं असतं तरी मी विश्वास ठेवला नसता.

चौथ्या खेपेला उलटी झाल्यावर मी सुमनला सगळ्यांदेखत म्हणालो, "आता बास. मंगळवारपासून मी येणार नाही. कारखाना बंद, वाचनालय बंद, आता मीपण बंद." मी ते मनापासून म्हणालो होतो. सुमन तोंडाला पदर लावून व्हरांड्यात गेली.

शेजारच्या खाटेवरून आवाज आला. "गुरुजी, त्या पिशवीत काय हाय?"

वाळलेली, काळीसावळी बाई, चाळिशीची असेल. दोन्ही हातांवर उसाच्या पानांनी चिरलेल्याचे जुने वण. मी म्हटलं, "मी गुरुजी नाही. पिशवीत पुस्तक आहे. कादंबरी."

"मंजी पोथीच की."

"पोथी नव्हे हो. गोष्ट."

"मग पोथीत काय असतंय? वाचा की मोठ्यानं. मनातल्या मनात वाचलेलं पुण्य दुसऱ्याला लागत न्हाई."

मला तिची चीड आली. पण चार तास जाता जात नव्हते. उजव्या हातात पुस्तक धरलं, अंगठ्यानं पान सरकवलं आणि चारशे सतराचा पहिला अध्याय वाचला. तो संपेपर्यंत मशीनची शिट्टी वाजली आणि सुया निघाल्या. उठताना ती म्हणाली, "मंगळवारी दुसरा. येताव ना?" मी हो म्हणून गेलो.

ती कौसाबाई. शिरूर कासार तालुक्यातल्या एका वस्तीवरची. लग्नाआधीपासून ऊसतोडीला जायची, लग्नानंतर नवऱ्याबरोबर, आसारामबरोबर. दोघं मिळून एक कोयता, अशीच त्यांची मोजदाद व्हायची. मग तिचे पाय सुजू लागले आणि आजार कळेपर्यंत उशीर झाला. आता आसाराम गुरं घेऊन चारा छावणीत राहत होता आणि तीही तिथंच.

मी कुठल्या कारखान्यात होतो ते ऐकून ती म्हणाली, "तितं आमी दोन सीझन ऊस घातलाय. लायबरी हाय तितं? मला न्हाई दिसली."

"मेन गेटच्या आत, डाव्या हाताला."

"आमची पाचटाची कोपी ऊस टाकायच्या गव्हाणीच्या मागं, बाहेर होती."

वाचनालयाचं सभासदत्व फक्त कायम कामगारांना होतं. ज्यांच्या उसावर कारखाना चालायचा त्या तोडणीवाल्यांपैकी कुणी तेवीस वर्षांत आत आलं नाही आणि ते का येत नाहीत, असा प्रश्न मला एकदाही पडला नाही. चपलांवरून माणूस ओळखणारा मी.

अर्थ

कौसाबाईचा बाप गावात पोथीचा अर्थ सांगायचा. आमच्याकडं चाल अशी: एक जण ओवी वाचतो, दुसरा तिचा अर्थ लावून सांगतो. वाचणारा शिकलेला असावा लागतो, अर्थ लावणारा शहाणा. "माझ्या बापाला अक्षर येत नव्हतं," ती म्हणाली, "पर सगळं गाव अर्थाला त्याच्याकडं बघायचं."

तसंच आमचं सुरू झालं. मी एक पान वाचायचो, मग कौसाबाई म्हणायची, "थांबा." आणि सगळ्या खोलीला आपल्या बोलीत अर्थ सांगायची. बाकीचे चौघे जण माझ्यापेक्षा तिचंच जास्त ऐकायचे.

एका अध्यायात जना तिच्याजवळचं शेवटचं मडकं वाटेवरच्या परक्या बाईला देऊन टाकते. हे पान मी कारखान्याच्या वाचक मेळाव्यात वाचून दाखवलं होतं. 'अभावातलं औदार्य' असा शब्द वापरला होता, टाळ्या पडल्या होत्या. कौसाबाई म्हणाली, "औदार्य-बिवदार्य काय न्हाई. भरलेल्या हंड्याचं वझं बाईला लागत न्हाई. रिकामं मडकं जड लागतं, सारखी आठवण देतं. म्हणून देऊन मोकळी झाली."

मी ते पान परत वाचलं. तिचंच बरोबर होतं. लेखक मास्तरांनी तसंच लिहिलं होतं, मीच डोळे उघडे ठेवून झोपलो होतो.

तिचा एकच नियम होता, बापाकडून आलेला. अध्याय अर्धा ठेवायचा नाही. मशीनची शिट्टी वाजो, सिस्टर ओरडो, अध्याय पुरा करूनच पुस्तक मिटायचं. "अर्धा ठिवला तर त्यातली माणसं तितंच अडकून ऱ्हातेत, गुरुजी. त्यांचं ना जेवण व्हतं, ना झोप."

माझी युक्ती

छावणीतून फाट्यापर्यंत चालत, तिथून एसटी, मग बीडच्या स्टँडवरून पुन्हा चालत, असा तिचा प्रवास. कधी एसटी चुकायची, कधी अंगात त्राण नसायचं. लागोपाठ दोनदा ती आली नाही आणि तिसऱ्या वेळी आली ती तोंड सुजलेलं, दोन शब्दांमागं धाप. वैशाली सिस्टर तिला लई बोलल्या. ती नुसती हसली.

मला भीती वाटली. ही आली नाही तर मी कुणासमोर वाचू? आणि मग मला युक्ती सुचली. पुढच्या मंगळवारी मी अध्याय ऐन मोक्यावर थांबवला आणि पुस्तक पिशवीत टाकलं.

"गुरुजी, आसं करू नगा."

"शुक्रवारी या, पुरा करतो."

"हे चांगलं न्हाई बरं का."

पण शुक्रवारी ती आली. त्यानंतर मी दर वेळी मुद्दाम अर्धा अध्याय बाकी ठेवू लागलो आणि तिची एकही खेप चुकली नाही. होळी गेली, पाडवा गेला, ऊन कडक झालं, तरी ती यायची. मी सुमनला फुशारकीनं म्हणालो, "औषध डॉक्टरांचं, पण पेशंट मी आणतो." पुस्तक माणसाला जगवतं असं मी आयुष्यभर बोलत आलो होतो, आता ते करून दाखवतोय, असा माझा रुबाब.

शेवटचा अध्याय आला. जना एका गावाच्या विहिरीपाशी येते. विहिरीत पाणी आहे, पण परगावच्या माणसाला ते द्यायचं नाही असा गावाचा ठराव आहे, आणि काठावर राखणदार बसवलाय. जना डोक्यावरचं चाक खाली ठेवते. त्या मंगळवारी मी तिथं थांबलो.

कौसाबाई माझ्याकडं बघत राहिली. "बाईला तहानलेली बसवून चालला तुमी," ती म्हणाली.

मी हसलो. ते हसणं मला अजून आठवतं.

टँकर

मशीनवर एका माणसाचे चार तास म्हणजे कितीतरी हंडे पाणी. केंद्राचा बोअर आटला होता, सगळं टँकरवर चाललं होतं. गुरुवारी संध्याकाळी वैशाली सिस्टरांचा फोन आला, "काका, उद्या टँकर न्हाई. येऊ नका. शनिवारी करू."

"कौसाबाईला कळवलं का?"

"मालकाच्या फोनवर सांगितलंय."

खरं सांगायचं तर मला बरं वाटलं. शाळेला सुट्टी मिळाल्यासारखं. शुक्रवारी मी घरी राहिलो, सुमनशी पत्ते खेळलो आणि दुपारी झोपलो.

शनिवारी गेलो तर शेजारच्या खाटेवर चादर तशीच घडी केलेली. सिस्टर सुई घेऊन माझ्याजवळ उभ्या होत्या, पण टोचेनात.

"कौसाबाई काल आलत्या," त्या म्हणाल्या. "व्हरांड्यातल्या बाकड्यावर बसल्या. गुरुजी आले का म्हणून विचारलं. म्हणलं, फोन केला होता की, पाणी न्हाई. तर म्हणल्या, ठावं हाय मला. आन् बसून राहिल्या. दुसरीकडं पाठवू का म्हणून विचारलं, तर सगळीकडं हीच बोंब. शेवटची गाडी धरून परत गेल्या." त्यांनी सुई ट्रेमध्ये परत ठेवली. "आज पहाटं गेल्या, काका. छातीत पाणी भरलं. आत्ताच फोन येऊन गेला."

जिल्ह्यातल्या टाक्या कोरड्या पडल्या होत्या आणि ही बाई पाण्यानं गेली.

मी त्या दिवशी चार तास काढले. वाचलं नाही. कुणी वाचा म्हणालंही नाही. ती शुक्रवारचा पुरा दिवस त्या बाकड्यावर बसली आणि मी दहा मिनिटांवर झोपलो होतो, हे मशीनच्या फेऱ्यागणिक डोक्यात येत राहिलं. अर्धा अध्याय ऐकायला ती आली होती. माझ्या युक्तीनं तिला आजारी अंगानं त्या उन्हात ओढून आणलं होतं, आणि पुस्तक माझ्या उशाशी होतं.

छावणी

दहावा झाल्यावर, मधल्या एका बुधवारी, सुमन आणि मी छावणीवर गेलो. चारशे सतरा पिशवीत घेतलं होतं. ठरवलं होतं की उरलेला अर्धा अध्याय तिच्या माणसांपुढं वाचायचा. ते पुण्य कुणाला लागतं का, ते मला माहीत नव्हतं. मला माझ्या मानेवरचं ओझं उतरवायचं होतं.

माळावर ओळीनं गुरं बांधलेली, वर हिरव्या जाळीची सावली, शेणाचा आणि उसाच्या शेंड्यांचा, वाढ्यांचा वास. कारखान्याच्या गव्हाणीत पडायचा तो ऊस इथं गुरांपुढं पडला होता. आसाराम कोयत्यानं वाढं तोडत होता. आम्हाला बघून त्यानं कोयता ठेवला आणि घोंगडी अंथरली.

मी एका दमात सांगून टाकलं. "माझ्यामुळं एक अध्याय अर्धा राहिलाय. मी मुद्दाम ठेवला होता, ती यावी म्हणून. तो वाचून पुरा करायला आलोय."

'पोथीवाले गुरुजी आलेत' म्हणून आजूबाजूच्या बायका गोळा झाल्या. एक म्हातारी पुढं सरकली. "अर्धा कुठं? तिनं पुरा केलता की."

"कधी?"

"त्याच मंगळवारी. ती कवाच अर्धा ठिवत नव्हती. तुमी अर्धं वाचून सोडलं की हितं येऊन उरलेलं हीच लावायची. आमी सगळ्या ऐकायचो. मग शुक्रवारी तिकडून आली की हसायची, म्हणायची, पुस्तकात येगळंच निघालं गं."

मला काही समजेना. मी आसारामला विचारलं, "मग ती एवढी मरमर करून येत कशाला होती? अध्यायासाठीच ना?"

आसारामनं तोडलेलं वाढं गुरांपुढं सारलं. मग म्हणाला, "न्हाई ओ, गुरुजी. तुमी सुरवातीला म्हणलावता ना, आता येणार न्हाई म्हणून? ती त्या दिशी हितं येऊन म्हणली, शेजारच्या खाटंवर एक गुरुजी हाय, शिकलेला हाय पर मरायला बसलाय. त्याला पोथीला लावलंय. म्हणली, ऐकणारं समोर नसलं तर वाचणारा येत नसतोय. म्हणून मला जायाच पाहिजे."

"मग मधी दोनदा आली नव्हती, ते?"

"तवा उठवतच नव्हतं तिला. तिसऱ्या बारीला आली तर म्हणली, गुरुजीचं तोंड उतरलंय, आता खाडा करायचा न्हाई."

"आणि शुक्रवारी?"

"फोन आलता. मीच सांगितलं तिला, पाणी न्हाई, जाऊ नगंस. ती म्हणली, गुरुजी गावातच ऱ्हातेत, येऊन बसले आन् मी न्हाई दिसले तर? बघून येते."

सुमननं माझा हात धरला, सुयांचा हात. मला रडू आवरलं नाही आणि मी ते आवरायचा प्रयत्नही केला नाही. मी तिला जगवतोय या रुबाबात होतो. ती मला जगवत होती, आणि मला तसं कळूही देत नव्हती.

मग म्हातारी म्हणाली, "वाचा की गुरुजी, काय निघालंय त्या पुस्तकात."

पुस्तकात असं आहे, की जना चाक विहिरीपाशी टाकते आणि रिकामी पुढं निघून जाते. तिथं कादंबरी संपते. वीस वर्षं मी त्या शेवटावर जीव टाकला होता. मी पुस्तक उघडलं नाही. म्हटलं, "आधी तिनं काय सांगितलं ते सांगा."

म्हातारीनं मांडी नीट घातली. "मंजी असं, की जना चाक ठिवती आन् तितंच बसती. माती न्हाई, पाणी न्हाई, पर कोरडंच चाक फिरवाया लागती. राखणदार बघतो, बाई येडी झाली म्हणतो. मग लेकरं येतेत, चाक फिरतंय म्हणून. लेकरांच्या मागं बाया येतेत, लेकरं हुडकत. बाया आल्या की कुणाच्या तरी कमरंवर घागर असतीच. आन् घागर आली की दोर सुटतोच हिरीत. लोकं जमली की पाणी निघतंय, असा अर्थ लावला तिनं."

मी पुस्तक तसंच मिटलेलं परत आणलं.

यादी

तर वैशाली सिस्टर, ही यादी. पुस्तकं केंद्राच्या कपाटात ठेवली आहेत, बाराच आहेत; त्यातली चार इथं सांगतो, चारशे सतरा आता शेवटी. कारखाना अजून बंदच आहे, त्यामुळं परत मागायला कुणी आलं नाही.

बासष्ट: एका खेड्यातल्या पोस्टमास्तरच्या गमती. हसवतो, पण हातात सुया असताना वाचू नये, हात हलतो. घरी वाचावं.

एक हजार त्र्याण्णव: नदीच्या काठाकाठानं चाललेल्या माणसाची डायरी. फार सुंदर. उन्हाळ्यात देऊ नये, पानापानावर पाणी आहे.

आठशे चार: खुनाची गोष्ट. शेवटची चार पानं गेलेली आहेत. हे व्हरांड्यात बसणाऱ्या नातेवाइकांना द्यावं. खुनी कोण यावरून ते भांडतात आणि त्यांचा वेळ बरा जातो. सुमननं आजवर तीन खुनी ठरवले आहेत.

चारशे सतरा: हे एकट्यानं वाचू नये. मोठ्यानं वाचावं, आणि जो शिकलेला नाही त्याला अर्थ विचारावा. अध्याय अर्धा ठेवू नये. शेवट दोन आहेत, छापलेला पुस्तकात आहे, दुसरा मला विचारावा. मागच्या पानावर देवघेवीची चिठ्ठी आहे. तिच्यावर सगळे सभासद क्रमांक आहेत आणि शेवटी एक नाव आहे, बिनक्रमांकाचं. ते मी लिहिलंय, खोडू नये.

माझं आता तिसरं वर्ष. शेजारच्या खाटेवर आष्टीकडचे एक गृहस्थ असतात, ते अर्थ फार वाईट लावतात, पण लावतात. किडनीच्या यादीत नाव आहे, ती यादी माझ्या हातात नाही. पाणी एक बाटलीच.

या उन्हाळ्यात दोनदा टँकर आला नाही. दोन्ही वेळा सिस्टरांनी आदल्या दिवशी फोन करून सगळ्यांना कळवलं होतं. तरी मी सकाळी पुस्तक घेऊन गेलो आणि व्हरांड्यातल्या बाकड्यावर बसलो. कुणी आलं नाही. शेवटची गाडी गेल्यावर मी घरी आलो.